घड्याळं मागे जायच्या आत

बोलणारा मी बिडाचा रेडिएटर आहे, पोटात गरम पाणी खेळवून खोली उबवणारा, त्यामुळे जरा सावकाश बोलेन. तापायला मला वेळ लागतो आणि निवायलाही लागतो. ज्यांना घाई असेल त्यांनी या घरातल्या नव्या पांढऱ्या पत्र्याच्या रेडिएटरांशी बोलावं. ते पाच मिनिटांत गरम होतात आणि पाच मिनिटांत गार.

मला नऊ खांब आहेत, चार पाय आहेत आणि पायांवर कुणा कारागिरानं उगाचच पानाफुलांची नक्षी काढलेली आहे. वजन किती ते मला ठाऊक नाही. मला उचलायला आलेल्यांच्या तोंडून जे शब्द निघाले ते इथे सांगत नाही, कारण माझं लहानपण प्रार्थनाघरात गेलं आहे.

यॉर्कशरमधल्या या गावात, खालच्या बाजूला नदीकाठी, एक ओतशाळा होती. तिथे मला ओतलं आणि तिथून घोडागाडीत घालून चढावरच्या चॅपेलमध्ये आणलं. रविवारच्या शाळेच्या खोलीत, खिडकीखाली, माझी जागा होती. मुलं ओले हातमोजे माझ्यावर वाळत घालायची. लोकरीचा तो ओला वास मला अजून आठवतो. त्यातली एक मुलगी, एनिड, हातमोजे वाळले तरी जागची हलायची नाही. माझ्याकडे पाठ करून उभी राहायची आणि पाठ भाजेपर्यंत प्रार्थना म्हणायची. विल्फ नावाचा एक मुलगा तिच्या शेजारी उभा राहण्यासाठी धडपडायचा. एकदा त्याच्या तोंडात टॉफी असताना पाद्री आले, तेव्हा त्यानं ती माझ्या सातव्या आणि आठव्या खांबाच्या मध्ये दडवली. ती अजून तिथेच आहे.

पुढे त्या दोघांचं लग्न झालं. विल्फ सग्डन कापडाच्या गिरणीत माग दुरुस्त करायचा, एनिड शाळेच्या स्वयंपाकघरात होती. मूलबाळ झालं नाही. चॅपेलला येणारी माणसं कमी होत गेली आणि एक दिवस ते विकलं गेलं. एनिडनं विल्फला सांगितलं, आठवण म्हणून तिथून काहीतरी घेऊन ये. विल्फनं दोन मित्र आणि एक हातगाडी घेतली आणि मला उतारावरून घरी आणलं. दारात एनिड बराच वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली.

"मला वाटलं होतं, एखादी फुलदाणी आणशील," ती म्हणाली.

पण त्या संध्याकाळी मला जोडून झाल्यावर ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि जेवण गार होईपर्यंत हलली नाही. मला बरं वाटलं होतं, हे मी कबूल करतो.

मग पस्तीसएक वर्षं मी या घराच्या बोळात होतो, पुढच्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला. माझ्या वर एक फळी आणि फळीवर टेलिफोन. त्यामुळे या घरातलं जे काही मला माहीत आहे ते बहुतेक टेलिफोनवरचं आहे.

विल्फचा एक नियम होता. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी वेळ संपते आणि देशभरातली घड्याळं एक तास मागे जातात. ती मागे गेल्याशिवाय घरातलं हीटिंग सुरू करायचं नाही. थंडी आधी पडली तर स्वेटर घालायचा, आणखी पडली तर दोन घालायचे. त्याच्या वडिलांचा हाच नियम होता आणि या गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचाही हाच आहे. त्या रविवारी सकाळी विल्फ समारंभ असल्यासारखी तयारी करायचा. दिवाणखान्यातल्या, म्हणजे पुढच्या खोलीतल्या, शेकोटीवरच्या घड्याळाचा काटा मागे करायचा, मग बॉयलरचं बटण दाबायचा, मग खिळ्यावरची पितळी किल्ली घेऊन माझ्याकडे यायचा. उन्हाळाभर माझ्या पोटात हवा साचते. ती काढल्याशिवाय पाणी वरपर्यंत चढत नाही. हवा सोडायची माझी कळ जुन्या पद्धतीची, तिला बाजारातली किल्ली लागत नाही. विल्फ खाली फडकं धरून किल्ली हळूच फिरवायचा, मी फुस्स करायचो, आणि मग थेंब आला की तो म्हणायचा, "झालं, आला हिवाळा."

त्या नियमाबद्दल मला आणखी एक गोष्ट माहीत होती. पण ते दोन बायकांचं गुपित होतं आणि मी कुणाचं गुपित फोडत नाही.

विल्फची दुसरी सवय म्हणजे वायदे. स्वयंपाकघरातला बॉयलर म्हातारा झाला होता. पाइप रात्रंदिवस कुरकुरायचे. दर वसंतात एनिड म्हणायची, हे सगळं काढून नवीन बसवू या. दर वसंतात विल्फ म्हणायचा, यंदा नक्की. एनिड हे समोरच्या घरातल्या मेव्हिसला सांगायची. मेव्हिस हॉयल, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, एनिडची जिवाभावाची मैत्रीण. ती विचारायची, "यंदा म्हणजे कोणत्या यंदा?" आणि दोघी हसायच्या.

गेल्या सप्टेंबरच्या शेवटी एनिड मागच्या पायरीवर घसरली आणि तिचा खुबा मोडला. शेवाळ होतं पायरीवर. तेही खरवडायचं विल्फच्या यादीत होतंच.

शस्त्रक्रिया झाली. विल्फ रोज सकाळी अकराला निघायचा, दोन बस बदलून हॉस्पिटलात जायचा आणि संध्याकाळी परत यायचा. निघताना मागच्या दाराची किल्ली कुंडीखाली ठेवायचा. या गल्लीत सगळ्यांच्याच किल्ल्या कुंडीखाली असतात.

चोर आले ते ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी, भर उजेडात. पांढरी गाडी अगदी दारात लावली. दोघंजण, अंगात पिवळी चमकणारी जाकिटं, एकाच्या हातात कागद अडकवलेली पाटी. त्यांनी आधी पाण्याचा मुख्य नळ बंद केला. टाकी रिकामी केली. मग फळ्या उचलून जमिनीखालचे तांब्याचे पाइप कापायला घेतले. मी आयुष्यात बरेच कारागीर पाहिले. इतकं नेटकं काम करणारे थोडेच होते.

बारा वाजता मेव्हिस ट्रे घेऊन आली. दोन कप चहा आणि स्वतः केलेला आल्याचा केक. कुणाच्या घरी कामाची माणसं आली आणि त्यांना चहा गेला नाही, असं या गल्लीत कधी झालेलं नाही.

"शेवटी लागला म्हणायचा मुहूर्त," ती आत डोकावत म्हणाली. "सगळं नवीन बसवताय ना?"

उंच माणूस म्हणाला, "आज जुनं काढतो बाई. नवीन उद्या."

मेव्हिसचा चेहरा असा काही फुलला की मला ओरडावंसं वाटलं. पण मी फक्त फुस्स करू शकतो, तेही कुणी किल्ली फिरवली तर. तिनं त्यांना साखर किती ते विचारलं. केक आवडला का विचारलं. त्यांनी कृती विचारली, तिनं सांगितली. दोन वाजता दुसरा चहा घेऊन आली तेव्हा जाता जाता म्हणाली की वरच्या न्हाणीघरातला पाइप विसरू नका, तो फार आवाज करतो, एनिडला झोप लागत नाही. ते म्हणाले, बरं झालं सांगितलंत.

त्यांनी बॉयलर नेला. गरम पाण्याची तांब्याची टाकी नेली. एनिड तिचे टॉवेल आणि रात्रीचे कपडे उबवायला ठेवायची ते टाकीचं कपाट उघडं पडलं. पाइप नेले, वरच्या खोल्यांमधले पातळ रेडिएटर नेले, खिळ्यावरची माझी पितळी किल्लीसुद्धा नेली. शेवटी ते माझ्याकडे वळले. एकानं पहार घातली, दुसऱ्यानं खांदा लावला. मी बोटभर हललो आणि त्यातल्या एकाच्या पायावर आलो.

"राहू दे याला," उंच माणूस म्हणाला. "कंबर जाईल."

चारला ते गेले. चहाचे कप त्यांनी परसातल्या पावसाच्या पिंपावर धुऊन, पुसून, मेव्हिसच्या उंबऱ्यावर ठेवले होते.

विल्फ सहाला आला. हात धुवायला गरम पाण्याचा नळ सोडला, नळ खाकरला आणि गप्प झाला. मग तो एकेका खोलीत गेला. त्याची पावलं मी ऐकत होतो, उचललेल्या फळ्यांच्या कडेकडेनं चाललेली. शेवटी तो माझ्यासमोर जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला, कोट न काढता. तेवढ्यात मेव्हिस हसतमुखानं दारात आली.

"कसं काय? माणसं किती चांगली होती रे."

"कोणती माणसं?" विल्फनं विचारलं.

पुढचं मी सांगत नाही. बोलणं फार थोडं झालं. मेव्हिस पांढरी पडली आणि विल्फ एवढंच म्हणाला की तू आता घरी जा.

पोलीस येऊन सगळं लिहून घेऊन गेले. पिवळ्या जाकिटातली दोन माणसं शोधायची तर निम्मं यॉर्कशर पकडावं लागलं असतं. विम्याची माणसं म्हणाली, पाहू. त्या दिवसापासून विल्फ मेव्हिसशी बोलेना. ती रोज झाकलेल्या ताटलीत जेवण आणून उंबऱ्यावर ठेवायची. तो खायचा, ताटली धुऊन, पुसून, तिच्या उंबऱ्यावर ठेवून यायचा. एक शब्द नाही. तिला ती धुतलेली ताटली पाहून काय वाटत असेल याची मला कल्पना आहे.

चोरीच्या दुसऱ्याच दिवशी, बुधवारी सकाळी, टेलिफोन वाजला. हॉस्पिटलच्या बाई होत्या, माणसं घरी पाठवायचं काम बघणाऱ्या. त्यांचा आवाज मोठा होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं. एनिड चालायला लागली आहे, वॉकर धरून. तिला घरी सोडता येईल, पण तिच्यासाठी खालच्या मजल्यावर पलंग हवा, घर उबदार हवं आणि गरम पाणी हवं. पुढच्या आठवड्यात गुरुवारी सकाळी दहाला मी बघायला येते. ठीक असेल तर शनिवारी सोडू. नसेल तर तात्पुरतं टेकडीवरच्या वृद्धांच्या घरात ठेवू, दोन आठवड्यांसाठी.

"सगळं आहे," विल्फ म्हणाला. "या तुम्ही."

फोन ठेवल्यावर त्याचा हात बराच वेळ माझ्यावर होता. मी तेव्हा दगडासारखा गार होतो. टेकडीवरच्या त्या घरात या गल्लीतला, नऊ नंबरच्या घरातला जेफ्री दोन आठवड्यांसाठी गेला होता. चौदा नंबरची हिल्डाही दोन आठवड्यांसाठीच गेली होती. त्यांच्या खिडक्यांना आता दुसऱ्याच लोकांचे पडदे आहेत.

चोरीचं त्यानं एनिडला सांगितलं नाही. काळजीनं तिचा पाय बरा व्हायचा नाही, असं तो स्वतःशी म्हणायचा.

हीटिंगवाल्या तिघांनी नोव्हेंबरचं सांगितलं. चौथा ताहीर हुसेन. पंचावन्नचा, गुडघे गेलेले, बोलणं इथलं, अगदी या दरीतलं. तोही आधी नाहीच म्हणत होता. मग त्यानं पूर्ण नाव विचारलं.

"गिरणीतले विल्फ सग्डन का? माझे अब्बा तुमच्या हाताखाली होते, अंकल. माग बांधायला तुम्ही शिकवलं म्हणतात."

"यूसुफचा मुलगा तू?" विल्फ म्हणाला. "त्याला गाठ मारता यायची नाही."

"अजून येत नाही," ताहीर म्हणाला. "उद्या येतो."

आला तो गुरुवारी. घर बघून म्हणाला की फळ्या त्यांनीच उचलून ठेवल्यात, माझा एक दिवस वाचवला. मग टाकीवरून वाद झाला. ताहीरचं म्हणणं, आता टाकी कुणी बसवत नाही, छोटा बॉयलर लावू, नळ सोडला की तिथल्या तिथे गरम पाणी. विल्फ म्हणाला, मग एनिड तिचे कपडे कुठे उबवणार? ताहीरनं समजावलं, हिशेब मांडला, शेवटी कपाळाला हात लावला. आणि शुक्रवारी टाकी घेऊन आला.

मेव्हिसनं आता नवीनच व्रत घेतलं होतं. गल्लीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र ती बघायची. वीस वर्षं पत्रं टाकणाऱ्या पोस्टमनचं बघितलं. पाद्रीबाईंचंही मागितलं, त्यांच्याकडे नव्हतं, तर त्यांना दारातूनच परत पाठवलं. ताहीरचं कार्ड ती दिवसातून तीन वेळा बघायची. तो दुपारी गाडीतून पाना काढून परत येईपर्यंत ती रस्त्याच्या मधोमध छत्री घेऊन उभी.

"सकाळपासून मी बदललो नाही हो," तो म्हणायचा.

"त्यांचाही चेहरा चांगलाच होता," ती म्हणायची, चष्मा पुसून फोटो बघायची, आणि मगच चहा द्यायची. चहा ती उंबऱ्याबाहेरूनच द्यायची. आत यायची तिची छाती होत नव्हती.

पुढच्या बुधवारी दुपारपर्यंत बॉयलर भिंतीवर चढला, पाइप फळ्यांखाली गेले, टाकी कपाटात बसली. राहिलो मी. ताहीरनं बोळात फीत लावून माप घेतलं आणि डोकं हलवलं. माझं पोट पुढे आलेलं आहे. माझ्याशेजारून वॉकर जाणार नव्हता.

"अंकल, याला काढावं लागेल. भंगारवाला येऊन घेऊन जाईल. इथे पातळ पांढरा लावू."

खरं सांगायचं तर ताहीरचं बरोबर होतं. एनिड आत यायची तर मला बाजूला व्हायला हवं होतं. एवढ्या वर्षांत मी पुष्कळ वस्तू त्या दारातून बाहेर जाताना पाहिल्या आहेत आणि त्यातली एकही रडली नाही.

पण घोटाळा असा की पुढच्या खोलीसाठी, जिथे एनिडचा पलंग टाकला होता, मागवलेला मोठा रेडिएटर आलाच नव्हता. तो पुढच्या आठवड्यात येणार होता आणि हॉस्पिटलच्या बाई उद्या सकाळी. ताहीरनं माझ्याकडे पाहिलं, मग पुढच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"चार माणसं लागतील," तो म्हणाला.

चार माणसं नव्हती. एकोणऐंशी वर्षांचा विल्फ, गुडघे गेलेला ताहीर आणि उंबऱ्याबाहेर चहाचा ट्रे घेऊन मेव्हिस. ती ट्रे खाली ठेवून गेली आणि दोन लाटणी घेऊन आली. एक तिचं, एक तिच्या सासूचं. या वेळी ती सरळ आत आली.

"याच्या पायांखाली घाला," ती म्हणाली. "आणि ढकला."

ताहीरनं पहारेनं मला उचकटलं, पायांखाली फळी सरकवली, फळीखाली लाटणी. विल्फ पुढून ओढत होता, ताहीर मागून ढकलत होता आणि मेव्हिस मागचं लाटणं निघालं की धावत पुढे नेऊन घालत होती. एकदा ते अडकलं. विल्फच्या तोंडून निघालं, "डावीकडे घे, मेव्हिस." आठ दिवसांत तो तिच्याशी बोललेला पहिला शब्द. तिनं डावीकडे घेतलं. मी खिडकीखाली पोचलो तेव्हा तिघंही जमिनीवर बसले होते.

ताहीरनं मला जोडलं. पाणी भरलं. संध्याकाळचे सहा वाजले होते आणि बाहेर धुकं उतरलं होतं.

"दाबू बटण?" त्यानं स्वयंपाकघरातून विचारलं.

"थांब," विल्फ म्हणाला.

तो पुढच्या खोलीत आला. दार लोटून घेतलं. शेकोटीवरचं घड्याळ उघडलं आणि मोठा काटा बोटानं एक फेरा मागे फिरवला. खरी घड्याळं मागे जायला अजून अकरा दिवस होते. काच बंद करून तो माझ्याकडे वळला. कुणी पाहिलं नव्हतं, मी सोडून.

"दाब आता," तो म्हणाला.

बॉयलर पेटला. वरचे पांढरे पत्रे पाच मिनिटांत गरम झाले. नळाला कढत पाणी आलं. ताहीरनं हात चोळले, एकेका खोलीत जाऊन आला आणि शेवटी माझ्यावर हात ठेवला. मी पायाशी कोमट होतो आणि वरती थंडगार. पोटात हवा भरली होती.

त्यानं आपली किल्ली लावून पाहिली. लागेना. तीन-चार वेगवेगळ्या लावल्या. पक्कड लावतो म्हणाला, मग लावता लावता थांबला. कळ शंभर वर्षांची, पितळ झिजलेलं. मोडली तर रातोरात सगळं पाणी पलंगाखाली. विल्फनं सांगितलं की किल्ली खिळ्यावर होती, ती चोरांनी नेली. खोलीत बोलताना तोंडातून वाफ निघत होती. अशा खोलीला बाई हो म्हणणार नव्हत्या, हे तिघांनाही कळत होतं.

मेव्हिस दाराशी उभी होती. तिनं ॲप्रनचं टोक हातात घेतलं, सोडलं, पुन्हा घेतलं.

"एक किल्ली माझ्याकडे आहे," ती म्हणाली.

विल्फ तिच्याकडे बघत राहिला.

आता गुपित फुटलंच आहे तर सांगतो. विल्फ दर बुधवारी दुपारी गावाबाहेर भाड्यानं घेतलेल्या भाजीच्या वाफ्यावर जायचा. ऑक्टोबर लागला की त्या बुधवारी एनिड बॉयलर लावायची. मेव्हिस यायची. दोघी माझी हवा काढायच्या आणि मग माझ्याकडे पाठ करून, स्कर्ट किंचित वर धरून, तासभर उभ्या राहून गल्लीतल्या सगळ्यांची खबर घ्यायच्या. चार वाजता बंद. विल्फ येईपर्यंत मी जेमतेम निवायचो, कारण मला वेळ लागतो. दोनदा त्यानं मला हात लावून "ऊन लागलं वाटतं याला" असं म्हटलं होतं, आणि एनिडनं हो म्हटलं होतं. ती दुसरी किल्ली चॅपेलच्या जुन्या रखवालदाराची. घरात सापडायला नको म्हणून मेव्हिसच्या बटणांच्या डब्यात असायची.

मेव्हिसनं हे सगळं एका दमात सांगितलं, जमिनीकडे बघत.

"किती वर्षं?" विल्फनं विचारलं.

"बारा."

ताहीर खोकला आल्यासारखं करून खिडकीकडे वळला. विल्फ पलंगाच्या कडेवर बसला. मला वाटलं, आता ताटल्यासुद्धा बंद. पण त्याचे खांदे हलायला लागले आणि मग कळलं की तो हसतोय. हसता हसता त्यानं डोळे पुसले आणि ते लवकर कोरडे होईनात.

"मी वायदा पाळला असता," तो म्हणाला, "तर तू त्यांना चहा कशाला दिला असतास? तिला तरी थंडी कशाला वाजली असती?" मग तो उठला आणि म्हणाला, "जा, घेऊन ये किल्ली."

मेव्हिसनंच किल्ली फिरवली, विल्फनं खाली फडकं धरलं. मी बरीच मोठी फुस्स केली, आठ दिवसांची. थेंब आला. त्या रात्रीत मी सावकाश तापलो, एकेक खांब करून, आणि सकाळी दहा वाजता हॉस्पिटलच्या बाईंनी अंगातला कोट काढून माझ्यावर ठेवला. गरम पाण्याखाली हात धरला, बोळातून रिकामा वॉकर चालवून पाहिला, कागदावर खूण केली. जाताना मेव्हिसनं त्यांचं ओळखपत्र पाहिलं.

शनिवारी एनिड आली. वॉकर आधी आत आला, मग ती. बोळात मी नव्हतो, त्या जागी पांढरा पत्रा होता. ती थबकली. तिचा चेहरा उतरला. विल्फनं पुढच्या खोलीचं दार उघडलं आणि मी दिसलो. ती पलंगाकडे गेलीच नाही. वॉकर वळवला, माझ्याकडे पाठ केली आणि उभी राहिली. तिचं वजन पूर्वीपेक्षा कमी झालं होतं.

"शेवटी बसवलंस सगळं," ती म्हणाली.

विल्फनं अर्धा कप चहा संपेपर्यंत ते श्रेय आपल्या नावावर राहू दिलं. मग सगळं सांगितलं. चोरांनी कप धुऊन ठेवले इथपर्यंत आल्यावर एनिड इतकी हसली की तिला खुबा धरावा लागला. मेव्हिस कोपऱ्यात लाल होऊन बसली होती. एनिडनं तिला विचारलं की त्यांना कृती खरी दिलीस की आलं कमी सांगितलंस. मेव्हिस म्हणाली, खरी दिली. एनिड म्हणाली, तेवढंच चुकलं तुझं.

मग तिनं शेकोटीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिथे तीन वाजले होते. तिनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. तिथे चार. विल्फ खिडकीतून बाहेर बघायला लागला, जसं काही बाहेर फार महत्त्वाचं चाललं होतं. एनिड क्षणभर त्याच्या पाठीकडे बघत राहिली. बारा वर्षांतल्या बुधवारांचं ती काही बोलली नाही, त्यानंही काढलं नाही.

"हॉस्पिटलात माझं घड्याळ बिघडलं बहुतेक," ती म्हणाली. "तासभर पुढे गेलंय." आणि तिनं मनगटावरचा काटा मागे केला.

पुढचे आठ दिवस हे घर साऱ्या इंग्लंडच्या एक तास मागे चाललं. मेव्हिस रोज चहाला तासभर लवकर यायची आणि कुणी तिला काही म्हणायचं नाही.

आता मी इथेच आहे, खिडकीखाली. तो मागवलेला मोठा रेडिएटर आला होता, विल्फनं त्याला दारातूनच परत पाठवलं. ताहीर दोनदा उगाचच येऊन गेला, कार्ड दाखवून. एनिडचे टॉवेल पुन्हा कपाटात उबवतात, आणि ती रोज दुपारी माझ्याकडे पाठ करून उभी राहते, आता वॉकरशिवाय. किल्ली खिळ्यावर टांगलेली नाही. ती माझ्याच वर, खिडकीच्या कट्ट्यावर असते, तिघांनाही दिसेल अशी. माझं मागणं एवढंच आहे की ती तिथेच राहू द्या. आणि सातव्या-आठव्या खांबामधली ती टॉफी कुणी झाडलोट करताना काढू नका. ती विल्फला कधीतरी एनिडला द्यायची असेल.